एकाच संघातले दोन नायक

१९५२ च्या टूर द फ्रान्समधले एक छायाचित्र इटलीत आजही सर्वांना ठाऊक आहे. आल्प्समधला गालिबिए घाट, मागेपुढे चढत असलेले दोन सायकलस्वार, फाउस्तो कोप्पी आणि जिनो बार्ताली, आणि दोघांच्या हातांना एकाच वेळी स्पर्श करणारी पाण्याची एक बाटली. बाटली कोण देतो आहे आणि कोण घेतो आहे, हे चित्रावरून सांगता येत नाही. तो सगळा प्रसंग छायाचित्रासाठी जुळवून आणलेला होता, असेही म्हटले जाते. तरीही ‘कोणी दिली?’ हा प्रश्न इटलीने कित्येक दशके सोडला नाही. बार्ताली श्रद्धाळू कॅथलिक, जुन्या वळणाचा, ग्रामीण इटलीचा लाडका. कोप्पी त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, अबोल, आधुनिक. दोघांचे चाहते म्हणजे दोन देश होते म्हणा ना! देणारा मोठा ठरणार आणि घेणारा उपकृत. पण १९५२ मध्ये हे दोघे एकाच इटालियन संघातून धावत होते, ही गोष्ट वादाच्या भरात बहुधा विसरली जाते. एका संघातल्या माणसाने दुसऱ्याला पाणी दिले, तर त्यात विशेष ते काय?

विशेष आहे, आणि ते समजायला या खेळाचे एक साधे भौतिक सत्य लक्षात घ्यावे लागते. पुढच्या सायकलस्वाराच्या चाकाला चिकटून चालणाऱ्याला वारा कमी लागतो आणि त्याची पुष्कळ शक्ती वाचते. म्हणजे या खेळात नुसते पुढे असणे ही मागच्याला मदतच असते, मग पुढच्याच्या मनात काहीही असो. यातूनच मदतनीस नावाची संस्था जन्माला आली. फ्रेंचमध्ये त्याला ‘दोमेस्तिक’ म्हणतात, म्हणजे घरगडी. इटालियनमध्ये ‘ग्रेगारियो’, म्हणजे साधा शिपाई. नायकासाठी वारा अंगावर घेणे, पाणी आणणे, वेळ पडल्यास आपले चाक काढून देणे ही त्याची कामे. आपल्याकडच्या मुंबई–पुणे शर्यतीतला ‘घाटाचा राजा’ आपल्याला माहीत असतो, परंतु ती एका दिवसाची गोष्ट. टूर किंवा इटलीची जिरो यांसारख्या टप्प्यांच्या शर्यती तीन आठवडे चालतात, रोजच्या वेळांची बेरीज होते, आणि त्या बेरजेत एकच जण पहिला येतो. संघ मात्र अनेकांचा. एक नायक आणि बाकीचे शिपाई असतील तोवर व्यवस्था सुरळीत चालते. पण एकाच संघात दोन नायक आले की प्रत्येक कृतीला दोन अर्थ फुटू लागतात.

कोप्पी-बार्तालींची कथा अशीच सुरू झाली. १९४० मध्ये लेन्यानो संघात बार्ताली नायक होता आणि विशीतला कोप्पी त्याचा मदतनीस. जिरोच्या सुरुवातीलाच एक कुत्रा आडवा आल्याने बार्ताली पडला, जखमी झाला, आणि पुढे तो आपल्याच मदतनिसाचा मदतनीस झाला. कोप्पीने ती जिरो ९ जूनला जिंकली. दुसऱ्याच दिवशी इटली युद्धात उतरली. युद्धानंतर दोघे वेगवेगळ्या संघांतून एकमेकांसमोर उभे राहिले, ते असे की १९४८ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत, दोघेही इटलीच्याच संघात असताना, एकमेकांवर नजर ठेवण्यापायी दोघांनीही शर्यत अर्धवट सोडली. शर्यत हरली तरी चालेल, पण ‘तो’ जिंकता कामा नये!

१९४९ च्या जिरोचे वार्तांकन ‘कोरिएरे देल्ला सेरा’ या दैनिकासाठी दिनो बुत्साती या कादंबरीकाराने केले. १० जूनच्या कुनेओ ते पिनेरोलो या टप्प्यावर कोप्पी १९२ किलोमीटर एकटा पुढे धावला, पाच खिंडी ओलांडल्या आणि बार्तालीला जवळजवळ बारा मिनिटांनी मागे टाकले. बुत्सातीला या दोघांत अकिलीस आणि हेक्टर दिसले. उपमा सुंदर आहे आणि त्या दिवसापुरती खरीही आहे. मात्र महिन्याभरातच होमर अपुरा पडला. त्या काळी टूरमध्ये कंपन्यांचे नव्हे तर देशांचे संघ उतरत, त्यामुळे जुलैमध्ये अकिलीस आणि हेक्टर एकाच रंगाची जर्सी घालून फ्रान्सच्या रस्त्यावर आले. व्यवस्थापक आल्फ्रेदो बिंदा याच्यापुढचा प्रश्न युद्धाचा नव्हता, संसाराचा होता.

बिंदाने तो निभावला. सेंट मालोच्या वाटेवर कोप्पीची सायकल मोडली आणि तो शर्यत सोडायला निघाला, तेव्हा त्याची समजूत घालून त्याला पुढे नेले. एकूण वेळेत तो आघाडीपासून छत्तीस मिनिटांहून अधिक मागे पडला होता. १८ जुलैला, बार्तालीच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, दोघे बरोबरीने इझोआरची खिंड चढले, आणि ब्रियांसाँचा टप्पा बार्तालीने जिंकला. पिवळी जर्सीही त्याचीच. दुसऱ्या दिवशी इटलीत उतरताना बार्तालीचे चाक फुटले, तो पडला. कोप्पी थांबला. मागून बिंदाने त्याला पुढे जाण्यास सांगितले, आणि कोप्पी गेला. टूर त्याने जिंकली, बार्ताली दुसरा आला, सुमारे अकरा मिनिटांनी मागे. एकाच वर्षी जिरो आणि टूर जिंकणारा कोप्पी पहिला. मला महत्त्वाची वाटते ती बिंदाची आज्ञा. कोप्पी पुढे गेला तो आज्ञेने, म्हणून त्याच्या जाण्याला विश्वासघात म्हणण्याची सोय राहिली नाही. अर्थ लावण्याचा अधिकार दोघांकडून काढून तिसऱ्याने स्वतःकडे घेतला होता.

१९८५-८६ मध्ये असा तिसरा कोणी नव्हता, आणि म्हणूनच ती कथा अधिक बोचरी आहे.

बर्नार इनो हा ब्रिटनीचा, चार वेळा टूर जिंकलेला. सायकलपटूंच्या जगात त्याचा शब्द म्हणजे कायदा. १९८४ मध्ये लोराँ फिन्योंने त्याला दहा मिनिटांहून अधिक फरकाने हरवले होते. १९८५ साठी त्याच्या ला व्ही क्लेर संघात मालक बर्नार तापी याने ग्रेग लेमॉन्ड या तरुण अमेरिकनाला आणले. त्या वर्षी इनो पिवळ्या जर्सीत होता, पण सेंट एतिएन येथे पडून त्याचे नाक मोडले आणि पिरेनीजच्या चढांवर त्याला श्वास पुरेना. लुझ आर्दिदेनच्या टप्प्यावर लेमॉन्ड स्टीफन रोशबरोबर पुढे निघाला होता. संघाच्या गाडीतून त्याला सांगण्यात आले की रोशला साथ देऊ नकोस, इनो अगदी मागेच आहे. लेमॉन्डने वेग आवरला. इनो प्रत्यक्षात सांगितले त्याहून बराच मागे होता, हे त्याला नंतर कळले, आणि त्या संध्याकाळी तो रडला. इनोने पाचवी टूर जिंकली. लेमॉन्ड १ मिनिट ४२ सेकंदांनी दुसरा. पुढच्या वर्षी मी तुझ्यासाठी धावेन, असे वचन इनोने दिले.

वचनाची भाषा सोपी असते. १९८६ च्या बाराव्या टप्प्यावर, बायोन ते पो या वाटेवर, इनो पेद्रो देल्गादोबरोबर पुढे निसटला. मागे राहिलेल्या लेमॉन्डने काय करावे? आपल्याच संघातला माणूस पुढे असताना पाठलाग करू नये, हा या खेळातला अलिखित नियम. पाठलाग केला तर तो फितूर, नाही केला तर टूर हातची जाते. संध्याकाळी पिवळी जर्सी इनोच्या अंगावर होती आणि लेमॉन्ड त्याच्यामागे पाच मिनिटांहून अधिक. प्रतिस्पर्ध्यांना पळवून दमवण्यासाठीच मी हल्ला केला, हे सारे लेमॉन्डच्याच हिताचे आहे, असे इनोचे म्हणणे.

आता गंमत अशी की, हे म्हणणे धादांत खोटे ठरवता येत नाही. दुसऱ्याच दिवशी इनोने तूरमालेच्या उतारावर पुन्हा एकट्याने हल्ला केला. तीन मिनिटांच्या आसपास आघाडी घेतली, मग तो थकला, गाठला गेला, मागे पडला. त्याला गाठताना इतर दमले. लेमॉन्डला फुकटची विश्रांती मिळाली, आणि संघातल्याच अँडी हॅम्पस्टनच्या साहाय्याने पुढे जाऊन सुपरबान्येरचा टप्पा त्याने जिंकला. पाच मिनिटांचे अंतर चाळीस सेकंदांवर आले. म्हणजे इनोने जे होईल असे सांगितले, तेच अक्षरशः घडले. फक्त ते त्याला घडवायचे होते का, हा प्रश्न उरतो. लेखकाचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष मानू नये, असे विम्झट आणि बियर्ड्स्ली यांनी १९४६ मध्ये बजावले होते. टीकाकाराला हे परवडते. लेमॉन्डला परवडत नव्हते. पुढच्या उतारावर त्या चाकाच्या मागे लागायचे की नाही, हे हेतू ओळखूनच ठरवायचे होते, तेही क्षणार्धात.

अशा वेळी आपल्याला होमरपेक्षा कर्णपर्व जवळचे वाटते. शल्य कर्णाचा सारथी होतो, पण त्याआधी उद्योगपर्वात त्याने युधिष्ठिराला कर्णाच्या तेजोवधाचे वचन दिलेले असते. तो रथ उत्तम हाकतो. हात कर्णाच्या सेवेत, जीभ कर्णाच्या विरोधात. इनोच्या बाबतीत वाटणी इतकी स्वच्छ नाही, हे मान्य. पण २१ जुलैचा आल्प द्युएजचा टप्पा पाहावा. आदल्या दिवशी इनोचा गुडघा दुखावला होता आणि पिवळी जर्सी लेमॉन्डकडे आली होती. त्या दिवशी दोघे मिळून बाकी सर्वांना सोडून गेले. शेवटचा चढ इनो पुढे राहून चढला, वारा त्याने घेतला. वर पोहोचल्यावर दोघांनी हातात हात घेतले, लेमॉन्डने त्याला टप्पा जिंकू दिला. तिसरा आलेला उर्स त्सिमरमान पाच मिनिटांहून अधिक मागे होता. दृश्य असे की डोळे भरून यावेत. आणि त्यानंतर लगेच इनोने दूरचित्रवाणीवर सांगितले की टूर अजून संपलेली नाही!

ते हात धरणे खोटे होते, असे मला वाटत नाही. इनोला वचनही पाळायचे होते आणि सहावी टूरही हवी होती, आणि निवड त्याने रस्त्यावर सोपवली होती, असा माझा कयास आहे. प्रशिक्षक पॉल केख्ली आणि मालक तापी यांनीही ती निवड केली नाही. दोघे जिंकत राहिले तर संघाचे काय बिघडत होते? लेमॉन्डने ती टूर ३ मिनिटे १० सेकंदांनी जिंकली, युरोपबाहेरचा पहिला विजेता म्हणून. त्सिमरमान तिसरा, जवळजवळ अकरा मिनिटे मागे. हा तक्ता दोन्ही वाचनांना सारखाच आधार देतो. इनो त्या वर्षअखेर निवृत्त झाला, आणि आपण वचन पाळले असेच म्हणत राहिला. लेमॉन्डने पुढे १९८९ आणि १९९० मध्येही टूर जिंकली, पण १९८६ बद्दल बोलताना त्याचा स्वर जेत्याचा नसतो.

रोलां बार्थने ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) मध्ये टूरला महाकाव्य म्हणून वाचले. त्यागाचे कौतुक आणि यशाचा रोकडा व्यवहार यांच्यापैकी एकाची निवड न करणे हीच टूरची नीती, असे त्याच्या विवेचनाचे तात्पर्य. शिपाई आणि नायक यांच्या नात्याला ते फार चपखल बसते.

बार्थनंतर सहासष्ट वर्षांनी, २०२३ मध्ये, स्पेनच्या व्हुएल्ता शर्यतीत हाच प्रश्न उलटा झाला. युम्बो-विस्मा संघातल्या प्रिमोझ रोग्लिचने त्या वर्षीची जिरो जिंकली होती, योनास विंगेगोरने टूर. दोन्ही वेळी सेप कुस हा त्यांचा मदतनीस होता. आणि व्हुएल्तात लाल जर्सी आली ती या कुसच्या अंगावर. १३ सप्टेंबरला आंगलिरूच्या भयंकर चढावर रोग्लिच आणि विंगेगोर त्याला मागे सोडून पुढे गेले. टप्पा रोग्लिचने जिंकला, कुसची आघाडी आठ सेकंदांवर आली, आणि प्रेक्षकांतून मोठा संताप उसळला. दुसऱ्या दिवसापासून दोघे त्याच्या सोबत राहिले, आणि कुस जिंकला. विंगेगोर १७ सेकंदांनी दुसरा, रोग्लिच तिसरा.

ते आठ सेकंद उरले कसे, हे मात्र आंगलिरूच्या चित्रीकरणात दिसते. दाट धुक्यात कुस शेवटपर्यंत ज्या चाकामागे टिकून राहिला, ते मिकेल लांडाचे होते. लांडा प्रतिस्पर्धी बाहरेन संघाचा, आणि स्वतःच्या क्रमांकासाठी धावत होता. टप्पा संपल्यावर कुसने त्याचे आभार मानले.