धोतरा आणि लघवीची गोळी

आमच्या रत्नागिरीत धोतरा गडग्याच्या कडेला आपोआप उगवतो. महाशिवरात्रीला त्याची फुलं-फळं शंकराला जातात, एरवी पोरांना त्याला हात लावू देत नाहीत. धोतरा पोटात गेलेला माणूस जुन्या लोकांना लगेच ओळखू यायचा: तोंडाला कोरड, बाहुल्या मोठ्या, लघवी अडलेली, असंबद्ध बडबड, आणि हवेतलं काहीतरी चिमटीत धरू पाहणारी बोटं.

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात धोतऱ्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. जेवणात धोतरा घालून चोरी करतात आणि ज्याचं घर लुटलं जातं तो हसत बसतो, असं त्यात आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात वाटसरूंना धोतरा घालून लुटल्याच्या हकिगती इंग्रज डॉक्टरांनी न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत नोंदवल्या. वैद्य मात्र तोच धोतरा शुद्ध करून दम्यावर देत. राम आळीजवळच्या आमच्या औषधांच्या दुकानात वडील धोतऱ्याच्या कनकासवाच्या बाटल्या ठेवत. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला मात्रा ते दोनदा सांगत आणि त्याच्याकडून वदवून घेत.

धोतऱ्यातलं अ‍ॅट्रोपिन आजही जीव वाचवतं. हापूसच्या बागेत फवारणी करताना ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा झाली, तर शरीरात नसांचे निरोप पोचवणारं अ‍ॅसिटिलकोलीन बेसुमार साचतं. अ‍ॅट्रोपिन त्याचा परिणाम अडवतं. मात्रा जास्त झाली की तोच रोगी चादर चिवडत बरळू लागतो, कारण स्मरण आणि लक्ष यांनाही मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीनच लागतं.

मूत्राशयाचा स्नायू आवळतो तोही त्याच्याच निरोपावर. म्हणून वारंवार घाईची लघवी होणाऱ्यांसाठी तो निरोप अडवणाऱ्या गोळ्या निघाल्या. ऑक्सिब्युटिनिनला अमेरिकेत 1975 मध्ये मान्यता मिळाली, नंतर टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन आली. लघवीला पोचेपर्यंत कपडे ओले होण्याची लाज ज्यांनी सोसली आहे, त्यांना या गोळ्यांचं मोल मी सांगायला नको. पण म्हातारपणी त्या मेंदूपर्यंत पोचून गोंधळ उडवू शकतात, ऑक्सिब्युटिनिन विशेष.

एकदा एक सून सासऱ्यांची चिठ्ठी घेऊन दुकानात आली. "काका, आण्णांना आताशा खाटेखाली मांजर दिसतं. वयच झालं म्हणायचं." मी घरातल्या सगळ्या गोळ्या मागवल्या. लघवीची होती, शिवाय सर्दीची, झोपेची आणि मुरड्याची. चारही अ‍ॅसिटिलकोलीन अडवणाऱ्या जातीच्या. एकेकीचा भार थोडा, पण बेरीज होते. मी तिला तशीच पिशवी घेऊन डॉक्टरांकडे धाडलं.

सिएटलमध्ये 65 वर्षांवरील 3,434 लोकांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. अशी औषधं वर्षानुवर्षं, मोठ्या प्रमाणात घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंश जास्त आढळला. गोळीनेच तो झाला, हे त्यावरून सिद्ध होत नाही. तरी डॉक्टरांना विचारायला एवढं पुरे आहे, कारण मिराबेग्रॉनसारखी निराळ्या वाटेने काम करणारी गोळी आता मिळते. त्यात रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. आपल्या मनाने मात्र कुठलीच गोळी बंद करू नये.

गोळ्यांसोबतचा कागद इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत असतो. गिऱ्हाईक सत्तरीपुढचं असेल, तर मी पाकिटावर पेनाने मराठीत लिहून देतो: "विसरायला झालं, भास झाले, तर वय म्हणून सोडू नका. ही गोळी डॉक्टरांना दाखवा."