लंब बाहेर पडतो तेव्हा

पेण आणि रोहा येथे शिकवताना आम्ही फळ्यावर त्रिकोणाची सर्वांत लांब बाजूच पाया म्हणून घेत आलो. लंब मग आतच पडे. एका मुलीने तो बाहेर काढला, तर आम्ही चूक दिली!

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. 1150) एक उदाहरण आहे: पाया 9, भुजा 10 व 17. भुजांची बेरीज 27, वजाबाकी 7. गुणाकाराला पायाने भागून 21. हे 21 पायातून वजा होत नाहीत, म्हणून उलटी वजाबाकी केली. निम्मे, 6, ही ऋण आबाधा; म्हणजे पायाचा हा तुकडा उलट दिशेला. दुसरी आबाधा 15, लंब 8. कोनमापकाशिवाय त्रिकोण विशालकोन ठरला. आबाधा शून्य आली, तर तो 'जात्य', म्हणजे आपला काटकोन त्रिकोण.

त्या मुलीचे गुण मात्र राहिलेच.