गर्भनिरोधनाची साधने : संप्रेरकयुक्त आणि संप्रेरकविरहित

कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम भारताने १९५२ मध्ये सुरू केला. आज सरकारी आरोग्य केंद्रांत अनेक साधने विनामूल्य मिळतात. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रीनसबंदीवर अवलंबून होत्या. पुरुषनसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. तात्पुरत्या साधनांची नीट माहिती असल्यास शस्त्रक्रियेखेरीज अन्य मार्गही निवडता येतात.

गर्भनिरोधक साधनांचे दोन प्रमुख वर्ग आहेत. संप्रेरकयुक्त साधने मुख्यतः स्त्रीबीज बाहेर पडू देत नाहीत आणि गर्भाशयमुखातील स्राव घट्ट करून शुक्राणूंना अटकाव करतात. ‘माला-एन’ या गोळ्यांच्या पाकिटात संप्रेरकांच्या २१ आणि लोहाच्या ७ गोळ्या असतात. ‘अंतरा’ हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. त्याने पाळी अनियमित होऊ शकते, तसेच ते थांबविल्यानंतर गर्भधारणेस काही महिने विलंब लागतो. असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यावयाची आपत्कालीन गोळी याच वर्गातील असली, तरी ती नियमित वापरासाठी नाही.

संप्रेरकविरहित साधनांत निरोध, तांबी आणि नसबंदी यांचा समावेश होतो. तांबीतील तांबे शुक्राणूंना निष्प्रभ करते. ‘कॉपर-टी ३८०ए’ दहा वर्षे, तर ‘कॉपर ३७५’ पाच वर्षे परिणामकारक राहते. ‘छाया’ ही गोळीही याच वर्गात मोडते. तिच्यातील औषध लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केले आहे. पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा घेतात.

परिणामकारकता साधनाच्या प्रकाराइतकीच वापरातील नियमिततेवर अवलंबून असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, प्रत्यक्ष वापरात वर्षभरात १०० स्त्रियांमागे संयुक्त गोळ्या घेणाऱ्या सुमारे ७ आणि जोडीदार निरोध वापरत असलेल्या सुमारे १३ स्त्रियांना गर्भधारणा होते. तांबीच्या बाबतीत हे प्रमाण एकापेक्षाही कमी आहे, कारण ती बसविल्यावर रोज लक्षात ठेवण्यासारखे काही उरत नाही.

कोणते साधन योग्य, हे प्रकृतीवर ठरते. उच्च रक्तदाब, रक्तात गुठळ्या होण्याचा पूर्वेतिहास किंवा डोळ्यांपुढे चमक येऊन होणारी अर्धशिशी असल्यास, तसेच पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांनी संयुक्त गोळ्या टाळाव्यात. स्तनपान देणाऱ्या मातांनाही प्रसूतीनंतर पहिले सहा महिने त्या दिल्या जात नाहीत; ‘छाया’ मात्र त्यांना घेता येते. तांबीमुळे पाळीतील रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून रक्तक्षय असलेल्या स्त्रियांनी ती बसविण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे इष्ट ठरते.

एचआयव्हीसह लैंगिक संसर्गापासून संरक्षण केवळ निरोध देतो. इतर कोणतेही साधन वापरत असले तरी त्याची गरज संपत नाही.

पुरुषनसबंदी स्त्रीनसबंदीपेक्षा सोपी शस्त्रक्रिया आहे. बिनटाक्याच्या पद्धतीत पोट उघडावे लागत नाही आणि पुरुषाच्या लैंगिक क्षमतेवर परिणाम होत नाही. मात्र शस्त्रक्रियेनंतर तीन महिने, वीर्यतपासणीत शुक्राणू नसल्याची खात्री होईपर्यंत, दुसरे साधन वापरणे आवश्यक असते. ही माहिती पती-पत्नी दोघांपर्यंत पोहोचली, तर गर्भनिरोधनाचा भार एकट्या स्त्रीवर राहणार नाही.