केल्पच्या नावातली साखर

जपानी स्वयंपाकातील कोंबू हे तपकिरी समुद्रशैवाल १८५१ पासून लॅमिनारिया जापोनिका या नावाने ओळखले जात होते. २००६ मध्ये लेन, मेज, ड्रुएल आणि साँडर्स या चौघांनी जनुकीय पुराव्यावरून ते सॅकरिना या प्रजातीत, म्हणजे निकटच्या जातींच्या गटात, हलवले आणि ज्या शब्दापासून मराठी ‘साखर’ निघाली तोच शब्द कोंबूच्या नावाला येऊन चिकटला.

तपकिरी शैवालांचे नाते हिरव्या वनस्पतींपेक्षा डायटमांशी आणि द्राक्षावर केवडा आणणाऱ्या सूक्ष्मजीवाशी जवळचे आहे, हे आता सर्वमान्य आहे. केल्प ही त्यांतील थंड पाण्यातली दांडगी शैवाले असून, लॅमिनारियाच्या जाती पूर्वी पात्याच्या आकारावरून वेगळ्या काढत, बोटांसारखी फाटलेली पाती एकीकडे आणि अखंड पाती दुसरीकडे. पेशीकेंद्रक, हरितलवक आणि तंतुकणिका या तिन्हींतील डीएनए ताडून पाहिल्यावर लॅमिनारियात दोन निराळी घराणी नांदत असल्याचे दिसले. आकाराचा निकष बराचसा खरा ठरला, तरी आर्क्टिकमधील अखंड पात्याची सॉलिडुंग्युला लॅमिनारियातच राहिली. दुसऱ्या घराण्यासाठी नवे नाव घडवावे लागले नाही, कारण जॉन स्टॅकहाउस यांचे १८०९ मधील सॅकरिना हे नाव मागे पडले असले तरी नियमाने उपलब्ध होते.

या नावामागे लिनियसचे १७५३ मधील फ्यूकस सॅकरिनस हे नाव आहे, आणि त्यामागे पाते वाळताना त्यावर धरणारी गोडसर पांढरी भुकटी. ती मॅनिटॉलची, म्हणजे शर्करेपासून बनणाऱ्या अल्कोहोलाची असते आणि कोंबूच्या वाळक्या पट्टीवरही बोटाला लागते.

सॅकरिनसच्या मुळाशी असलेला, साखरेसाठीचा लॅटिन शब्द ‘सॅकरम’ ग्रीक ‘सक्खारोन’वरून आला, इथपर्यंत मतभेद नाही. मूळ संस्कृत शर्करा, तिचा आधीचा अर्थ खडे किंवा रेती. मात्र हा शब्द ग्रीकांना इराणमार्गे मिळाला की थेट भारतीय बोलींतून, हा प्रश्न उरतो. इराणमार्गाच्या बाजूने अलेक्झांडरच्या स्वारीचा आधार घेता येतो. पण फारसी ‘शकर’मध्ये आरंभी ‘श’ आहे आणि पुढचा ‘क’ महाप्राण नाही, तर ग्रीक रूपात ‘स’ आणि ‘क्ख’ दोन्ही आहेत, आणि नेमके हेच पालीतील ‘सक्खरा’त सापडतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोच परिसरातून आफ्रिकेच्या बंदरांकडे जाणाऱ्या मालात ‘सक्खारी’ नावाचा उसाचा मध नोंदला आहे, तेव्हा शब्द मालासोबत गलबतातूनच गेला असावा, हे मत अधिक बळकट ठरते. मराठी ‘साखर’मधला ‘ख’ही त्याच उच्चाराची खूण मानावी लागते.

या पुनर्वर्गीकरणात एका जातीची साखर मात्र गेली. लिनियसने जिला गोड म्हटले, त्या युरोपीय केल्पचे नाव सॅकरिना सॅकरिना व्हायला हवे होते. परंतु वनस्पती-नामकरणाच्या नियमांत प्रजाती आणि जाती यांना एकच शब्द चालत नाही, म्हणून लिनियसनेच १७५३ मध्ये उल्व्हा लॅटिसिमा या नावाने नोंदलेल्या, पुढे हेच केल्प ठरलेल्या शैवालाचे विशेषण उचलण्यात आले. आज तिचे नाव सॅकरिना लॅटिसिमा आहे, आणि लॅटिसिमाचा अर्थ ‘सर्वांत रुंद’ एवढाच आहे.