मौन, जयघोष आणि ‘अनुशासन’

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात आम्ही साहित्य शिकवतो. वर्गातील अनेक मुलांच्या घरचा दिवस कारखान्याच्या पाळीप्रमाणे उगवतो आणि मावळतो. त्यामुळे येवगेनी झाम्यातिन यांची ‘आम्ही’ ही कादंबरी शिकवताना फारसे प्रास्ताविक करावे लागत नाही. १९२०-२१ मध्ये लिहिलेली ही कादंबरी रशियात १९८८ पर्यंत छापली गेली नाही. तीत माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. सारे नगर एकाच वेळापत्रकाबरहुकूम उठते आणि झोपते. कारखान्यातील श्रमाचे मोजमाप करणारा टेलर तेथे वंदनीय ठरतो. ऑल्डस हक्स्ली यांच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये (१९३२) कालगणनाच मोटारनिर्मात्या फोर्डपासून सुरू होते, तेथील माणसे मुख्यतः सुखाने बांधलेली आहेत. जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मध्ये (१९४९) धाक आहेच, पण सत्तेची खरी पकड शब्दांवर आहे.

वेळापत्रक, सुख आणि भाषा अशी ही सर्वंकष सत्तेची तीन रूपे होत. तिन्हींत एक सूत्र समान आहे: प्रजेने गप्प राहणे पुरेसे नसते, तिने मनापासून होकार द्यावा लागतो. साधी हुकूमशाही मौनावर समाधान मानते; सर्वंकष सत्तेला जयघोष हवा असतो.

हा भेद समजला की विद्यार्थी हमखास विचारतात, १९७५ ते १९७७ ची आणीबाणी यांपैकी काय होती? आमचे उत्तर असे की ती सर्वंकष सत्ता नव्हती. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, येरवड्याच्या तुरुंगात राजकीय कैदी होते. तरी घराच्या चार भिंतींआड मत बाळगण्याची मुभा उरली होती. मागणी मुख्यतः मौनाची होती. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी ते मौन नाकारले. केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना त्यांनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थनेचे आवाहन केले. पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली.

मात्र एका ठिकाणी ही राजवट मौनाची सीमा ओलांडून जयघोषाकडे गेली, आणि ते ठिकाण होते एक शब्द. ‘अनुशासन पर्व’ हे महाभारतातील एका पर्वाचे नाव. मौनव्रतात असलेल्या विनोबांकडून ते आले आणि सरकारने त्याचे घोषवाक्य केले. २५ डिसेंबर १९७५ रोजी मौन सोडल्यावर विनोबांनी अर्थ स्पष्ट केला: अनुशासन आचार्यांचे असते, सत्ताधाऱ्यांचे असते ते शासन. पण तोवर शब्द फलकांवर चढला होता. शरशय्येवरील भीष्म युधिष्ठिराला, म्हणजे प्रजा राजाला नव्हे तर ज्येष्ठ पुरुष राजाला, उपदेश करतो असे ते पर्व. त्याचे नाव आता राजाने प्रजेला दिलेल्या आज्ञेसाठी वापरले जाऊ लागले. ऑर्वेल यांना नवी भाषा घडवावी लागली. येथे जुन्या ग्रंथाचे नाव उचलणे पुरले.

या शब्दाची किंमत आमच्यासारख्या कामगारवस्त्यांना कळली. सप्टेंबर १९७५ च्या वटहुकुमाने किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला. जनता सरकारने १९७७ मध्ये तो पूर्ववत केला. फलकावर अनुशासन होते आणि दिवाळीच्या पाकिटात निम्म्याहून कमी टक्के होते.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना एक स्वाध्याय देतो. त्या वर्षीच्या वृत्तपत्रांतील ‘अनुशासन’ हा शब्द शोधा आणि त्याच आठवड्यात काय कमी झाले, ते त्याच्याशेजारी लिहा. झाम्यातिन, हक्स्ली आणि ऑर्वेल त्यानंतर वाचा. परीक्षेपुरते वाचले जाण्याची भीती मग उरत नाही.