किडनीतलं पाणी आणि चीनची पाच तत्त्वं

आजचा एपिसोड आमच्या आजीच्या गुडघ्यापासून सुरू होतो, चीनला जातो आणि पुन्हा परतवाड्यात येतो.

मागच्या हिवाळ्यात इथल्या एका मंगल कार्यालयात ॲक्युपंक्चरचं शिबिर होतं. आजी गेली, सुया टोचून घेतल्या, गुडघा जरा हलका झाला. पण घरी आली ती रडकुंडीला येऊन. "बापू, माह्या किडनीतलं पाणी कमी हाय म्हने. माही किडनी गेली का रे?" दोन रात्री ती झोपली नाही. शेवटी रक्त तपासलं. क्रिएटिनिन अगदी नॉर्मल!

मग हे 'किडनीतलं पाणी' आलं कुठून? मी शोधायला बसलो.

चिनी वैद्यकात लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी अशी पाच नावं आहेत. यकृत लाकडाचं, हृदय अग्नीचं, प्लीहा मातीची, फुप्फुस धातूचं आणि मूत्रपिंड पाण्याचं. आपल्याला वाटतं, अरे, हे तर आपले पंचमहाभूतच! पण नीट बघा. आपल्याकडचे वायू आणि आकाश तिथे नाहीत, आणि तिथले लाकूड-धातू आपल्याकडे नाहीत.

खरी गोम शब्दात आहे. चिनी शब्द आहे 'वू शिंग'. वू म्हणजे पाच, शिंग म्हणजे चालणं. म्हणजे हे पाच पदार्थ नाहीत, पाच अवस्था आहेत, एकीतून दुसरीत जाणाऱ्या. लाकडातून आग, आगीतून राख म्हणजे माती, मातीतून धातू, असं ते चक्र. युरोपीय पाद्री चीनमध्ये पोचले तेव्हा त्यांच्या डोक्यात ग्रीकांची चार तत्त्वं होती, म्हणून यालाही त्यांनी 'तत्त्व' म्हटलं. तोच शब्द फिरत फिरत आपल्याकडे आला आणि आजीला त्यात खरंखुरं पाणी ऐकू आलं.

आता मजा ऐका. ही कल्पना फक्त वैद्यांची नव्हती, राजकारणातही ती चालायची. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या झोउ यान या विचारवंताने राजवंश कसे बदलतात हे याच पाचांवरून सांगितलं. इ.स.पू. २२१ मध्ये चीन एक करणाऱ्या चिन सम्राटाने आपल्या राजवटीसाठी 'पाणी' निवडलं, आणि त्याचा रंग म्हणून काळा!

आणि सुयांचं काय? १९७३ मध्ये चीनच्या मावांगदुई इथे इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेली एक कबर उघडली. त्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकीय मजकूर सापडले. शरीरातल्या ११ वाहिन्यांचं वर्णन त्यात आहे. पण उपचार शेक देऊन करायचा, सुईचे बिंदू नाहीत. वाहिन्या, सुया आणि पाच अवस्था यांची पक्की सांगड दिसते ती 'हुआंगदी नेइजिंग' या ग्रंथात. म्हणजे हे सगळं पहिल्या दिवसापासून एकत्र नव्हतं, हळूहळू जोडलं गेलं.

जे जोडलं गेलं त्यावर शंका घेणारेही चीनमध्येच निघाले. १८२२ मध्ये सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून ॲक्युपंक्चर बंद केलं. १९१७ मध्ये यू यान या डॉक्टरने पुस्तक लिहून यिन-यांग आणि पाच अवस्थांवर सरळ हल्ला चढवला. १९२९ मध्ये तर जुनं वैद्यक बंद करायचा प्रस्ताव आला, देशभर विरोध झाला आणि तो बारगळला. त्याच काळात चेंग दानआन या वैद्याने वेगळी वाट धरली. सुई ठेवली, पण बिंदू शरीररचनाशास्त्राप्रमाणे नव्याने बसवले.

आपला धागाही आहे बरं का. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, आणि आपल्या नागपूरचे चोळकरसुद्धा! कोटणीस शल्यचिकित्सक होते, १९४२ मध्ये तिथेच वारले. पण त्याच पथकातले कोलकात्याचे बिजॉय बसू १९५८ मध्ये पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि ते भारतात आणलं.

मग सुई काम करते की नाही? जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २००७ मध्ये छापून आला. सहा महिन्यांनी खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना फरक पडला. बिंदू सोडून भलतीकडेच, वरवर टोचलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना. नेहमीच्या उपचारांनी २७ टक्क्यांना. म्हणजे टोचून घेणाऱ्यांना आराम पडला, पण बिंदू कोणता यानं फारसा फरक पडला नाही. मग त्या बिंदूंमागच्या पाच अवस्थांना शरीराचा नकाशा कसं म्हणायचं?

माझं मत सांगतो. पाच अवस्था म्हणजे जुन्या वैद्यांची निरीक्षणं लक्षात ठेवायची चौकट. इतिहास म्हणून ती वाचावी, पण लॅबचा रिपोर्ट म्हणून नाही. वैद्याने 'मूत्रपिंडाचं पाणी' म्हटलं, तर त्याचा अर्थ पेशंटला समजावून सांगणं हेही त्याचंच काम. आणि तुमच्या घरी कोणी सुया घेत असेल तर तीन गोष्टी बघा: सुई नवी आहे का, टोचणारा नोंदणीकृत आहे का, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत का.

हे सगळं मी आजीला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे किडनी बरी हाय ना? मंग गुडघ्यासाठी मी पुन्हा जाईन. पन तू संग चाल, तो काय म्हनते ते मले समजून सांग."

पुढच्या रविवारी जातोय आम्ही दोघं. तुमच्या घरात असा एखादा शब्द कोणाला घाबरवून गेलाय का? नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!