महायाजक एक, मुख्य याजक अनेक

मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे महायाजक एकच, आणि तोही आमरण. मग शुभवर्तमानांत ‘मुख्य याजक’ अनेकवचनी का येतात? मूळ ग्रीकमध्ये दोन्हींसाठी शब्द एकच आहे : ‘आर्खिएरेउस’. मराठी अनुवादांत एकवचनाला सहसा ‘महायाजक’ वा ‘प्रमुख याजक’ आणि अनेकवचनाला ‘मुख्य याजक’ असे म्हटले जाते. त्यामुळे हे कोडे आपल्या नजरेतून निसटते.

त्याचे उत्तर इतिहासात आहे. हेरोद आणि त्यानंतरचे रोमन सुभेदार हे पद आपल्या मर्जीने देऊ-काढू लागले. हन्ना इ. स. 6 ते 15 पर्यंत महायाजक होता. पद गेले तरी त्याचा दरारा गेला नाही, पुढे त्याचे पाच पुत्र आणि जावई कयफा (सुमारे इ. स. 18 ते 36) त्याच आसनावर बसले. संत लूक हन्ना व कयफा यांचे महायाजकपद एकत्र सांगतो, ते उगाच नव्हे! आजी-माजी महायाजक व त्यांची मोजकी घराणी, एवढाच त्या अनेकवचनाचा आवाका. योसेफस हा यहुदी इतिहासकारही शब्द तसाच वापरतो. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष अवघ्या यहुदी समाजाच्या माथी मारणाऱ्यांनी हे व्याकरण कधी पाहिलेच नाही.

त्यांच्यासोबत येणारे ‘प्रेस्ब्युतेरोइ’ म्हणजे समाजाचे वडील. यरुशलेमेत 1913-14 च्या उत्खननात सापडलेल्या ग्रीक शिलालेखात सभास्थान बांधणारा थिओदोतस स्वतःला ‘हिएरेउस’, म्हणजे याजक, म्हणवतो. पायाभरणीचे श्रेय मात्र पूर्वजांबरोबर ‘प्रेस्ब्युतेरोइ’ंनाही देतो. ख्रिस्तसभेने आपल्या सेवकांसाठी हाच दुसरा शब्द घेतला. ‘हिएरेउस’ ही पदवी नव्या करारात एकाही प्रेषिताला लावलेली नाही.